आडनाव विचारून नाकारलेलं घर: भाड्याच्या व्यवहारातला भेदभाव कसा ओळखायचा, कसा नोंदवायचा, कसा थांबवायचा

मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधताना तोंडावर नकार क्वचितच मिळतो. फ्लॅट आवडतो, भाडं जमतं, डिपॉझिटचं बोलणं होतं. मग ब्रोकर सहज विचारतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो की मालकांचा विचार बदलला. मुस्लिम, दलित, ईशान्येकडून आलेले, आफ्रिकी विद्यार्थी, एकटी राहणारी बाई, तृतीयपंथी अशा कितीतरी जणांना हा निरोप पाठ झालेला आहे. मराठी माणसाला ‘तुम्ही मासे खाता’ म्हणून मुंबईतच घर नाकारल्याची बातमी आली की महाराष्ट्रभर संताप होतो. तो रास्तच आहे. तोच संताप आपल्या स्वतःच्या सोसायटीच्या गेटवर का थांबतो, हा प्रश्न मात्र कमी विचारला जातो.

हे मार्गदर्शन घर शोधणाऱ्यांसाठी आहे, फ्लॅटमालकांसाठी आहे आणि सोसायटीच्या कमिटीसाठीही आहे. माणसाच्या मनातला पूर्वग्रह जायला वर्षं लागतात, कधी पिढी लागते. घर देण्याची पद्धत मात्र एका सभेत बदलता येते. म्हणून इथे सगळा भर पद्धतीवर आहे.

पूर्वग्रह कुठे संपतो, भेदभाव कुठे सुरू होतो

पूर्वग्रह म्हणजे माणूस भेटण्याआधीच त्याच्याबद्दल झालेलं मत. भेदभाव म्हणजे त्या मतावरून केलेली कृती: फ्लॅट न देणं, जास्त डिपॉझिट मागणं, एकालाच पाच कागद जास्त मागणं. मनातलं मत कोणी मोजू शकत नाही, कृती मोजता येते. भांडायचं असेल तर कृतीवर भांडावं. "तुम्ही जातीयवादी आहात" म्हटलं की समोरचा स्वतःच्या चांगुलपणाचे दाखले द्यायला लागतो आणि फ्लॅटचा विषय बाजूला पडतो. "काल भाडं ठरलं होतं, आज नाव कळल्यावर नाही म्हणालात, या दोन्हींच्या मध्ये काय बदललं?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

पूर्वग्रह टिकतो तो हिशेबातल्या एका चुकीमुळे. जोशी नावाचा भाडेकरू वीजबिल थकवून गेला तर तो ‘एक लबाड माणूस’ असतो. तेच शेख नावाच्या भाडेकरूने केलं तर ‘ते लोक असेच असतात’. आपल्यातल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या नावावर मांडला जातो, परक्याचा त्याच्या सगळ्या समाजाच्या नावावर. शेखचे शेजारी दहा वर्षं वेळेवर भाडं भरत असले तरी त्यांची नोंद कुठेच होत नाही. कमिटीत "आपल्याला आधी वाईट अनुभव आलाय" असं कोणी म्हणालं तर लगेच विचारावं: किती भाडेकरू होते, त्यातल्या किती जणांनी त्रास दिला, आणि इतर भाडेकरूंमध्ये हे प्रमाण किती होतं? बहुतेक वेळा हाताशी एकच प्रसंग असतो, आणि तोही ऐकीव.

वंशाबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावी. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमधल्या एका संस्थेत, वंशभेद मानणाऱ्या ऑयगेन फिशर या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो, असं त्यांच्या मार्गदर्शकाचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध सापडत नाही असा निष्कर्ष मांडला, तोही वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराने भारलेल्या त्या काळात, त्याच संस्थेत बसून. डोळ्यांच्या ठेवणीवरून नागालँडच्या मुलीला ‘चिनी’ म्हणणाऱ्या वॉचमनला आणि चेअरमनलाही हे शांतपणे सांगता येतं की चेहऱ्यावरून वागणूक कळत नाही, आणि मोजून पाहिलेलं आहे.

भेदभावाचा आणखी एक प्रकार नियमाच्या आडून येतो. नियम दिसायला सगळ्यांना सारखा असतो, फटका मात्र ठरावीक लोकांनाच बसतो. ‘फक्त शाकाहारी’ या अटीने मुस्लिम, ख्रिश्चन, बहुसंख्य दलित, कोळी, मालवणी आणि ईशान्येकडची जवळजवळ सगळी माणसं एका फटक्यात बाहेर जातात. ‘विवाह नोंदणी दाखला हवा’ ही अट एकट्या बाईला आणि मिळून राहणाऱ्या मैत्रिणींना बाहेर ठेवते. नियम तपासताना त्याचे शब्द पाहू नयेत, त्याने कोण गाळलं जातं ते पाहावं.

नकाराची भाषा

ब्रोकरची भाषा एकदा कळली की बराच वेळ आणि मनस्ताप वाचतो. "मूळ गाव कोणतं?" आणि "आडनाव काय?" हे प्रश्न भाडं ठरण्याआधी आले तर ते बहुधा जात आणि धर्म शोधण्यासाठी असतात. "सोसायटीचा इश्यू आहे" म्हणजे जबाबदारी अशा ठिकाणी ढकलली गेली, जिथे विचारायला कोणी सापडत नाही. "मालकांना फॅमिलीच पाहिजे", "आपल्यातलेच हवेत", "बिल्डिंग कॉस्मो नाहीये" (म्हणजे इथे सगळ्या जातीधर्मांचे लोक चालत नाहीत) ही सगळी नकाराचीच रूपं. काही वेळा नकार देतच नाहीत. मागणी अशी फुगवतात की तुम्हीच माघार घ्यावी: दोन महिन्यांच्या जागी सहा महिन्यांचं डिपॉझिट, दोन स्थानिक जामीनदार, गावच्या पोलिसांचा दाखला.

याचा अर्थ प्रत्येक नकार भेदभावाचा असतो असा नाही. घर खरंच दुसऱ्याला गेलेलं असू शकतं, मालकाचा मुलगा परत येणार असू शकतो. संशय आणि खात्री यांच्यात अंतर असतं, आणि ते कापायची एक पद्धत आहे.

तीन फोनांची पडताळणी

भेदभाव मोजणारे अभ्यासक हीच पद्धत वापरतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज फक्त नाव बदलून पाठवले होते. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. घराच्या बाबतीत तुम्ही हेच छोट्या प्रमाणात करू शकता.

एक मित्र घ्या. त्याचं आडनाव ‘चालणारं’ असावं, पण वय, लिंग आणि नोकरीचा प्रकार तुमच्यासारखाच असावा. दोघांसाठी एकच मजकूर लिहून काढा: किती माणसं राहणार, काय काम करता, भाडं किती देणार, कधी राहायला येणार. पहिला फोन मित्राने करायचा, फ्लॅट आहे का विचारायचं आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा फोन तुम्ही करायचा, तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. तुम्हाला ‘गेला’ असं उत्तर मिळालं तर तासाभराच्या आत मित्राने पुन्हा फोन करून ‘अजून आहे ना?’ विचारायचं. हा तिसरा फोन सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर पहिल्या आणि दुसऱ्या फोनच्या मध्ये घर खरंच गेलं, हे स्पष्टीकरण खोडता येत नाही.

ही पडताळणी कुठे फसते तेही नीट समजून घ्या. दोघांत एकापेक्षा जास्त फरक असला की निकाल निरुपयोगी होतो. मित्राने ‘नवरा-बायको’ आणि तुम्ही ‘तीन मुलं मिळून’ सांगितलं, तर नकार नावामुळे आला की बॅचलर असल्यामुळे, हे कळणार नाही. दुसरी अडचण ट्रूकॉलरची. फोन उचलण्याआधीच ब्रोकरला तुमचं नाव दिसतं, त्यामुळे तुम्ही नाव सांगितलं नाही तरी ते कळलेलं असतं. दोन्ही नंबरांवर त्या अॅपमध्ये काय नाव दिसतं ते आधी पाहून लिहून ठेवा. तिसरं म्हणजे मित्राला नाट्य करायचा मोह होतो. मजकुराबाहेर एक वाक्यही नको. टोकन देऊ नका आणि मालकाला घर दाखवायला उगाच बोलावू नका, फोनवरच थांबा. एका फ्लॅटवरून एका मालकाबद्दल काही सांगता येतं. ब्रोकरची सवय सिद्ध करायची असेल तर त्याच्या चार-पाच वेगवेगळ्या जाहिरातींवर ही पडताळणी करावी लागते.

अमेरिकेत १९६८च्या कायद्याने वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर नाकारणं बेकायदा ठरलं. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी पडताळणी करणाऱ्यालाही दावा लावता येईल असं मान्य केलं. तिथे भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे खासगी भाडेव्यवहाराला लागू होणारा असा सर्वसाधारण कायदा नाही. त्यामुळे आपली पडताळणी पुरावा म्हणून आधार देते, पण तिच्या एकटीच्या जोरावर दावा उभा राहत नाही.

नोंद कशी ठेवायची

एक वही किंवा शीट करा. तारीख, वेळ, कुणाच्या नंबरवरून, कुणाशी, कोणत्या फ्लॅटबद्दल, आणि समोरच्याने नेमके कोणते शब्द वापरले, एवढे रकाने पुरेत. ‘उद्धटपणे बोलले’ असं लिहू नका. "‘मोहमेडन आहात का, मग नाही जमणार’ असं म्हणाले" असं लिहा. नोंद त्याच दिवशी करा.

तोंडी नकार मिळाल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर असा निरोप पाठवा:

"नमस्कार. काल आपल्याशी अमुक सोसायटीतल्या फ्लॅटबद्दल बोलणं झालं. भाडं २५,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,००० रुपये ठरलं होतं. आज आपण फ्लॅट देता येणार नाही असं फोनवर कळवलंत. कृपया त्याचं कारण लेखी कळवावं."

या निरोपात आरोप नाही आणि धमकी नाही, म्हणूनच तो उपयोगी आहे. उत्तर आलं नाही तरी ठरलेली रक्कम आणि नकाराची तारीख लिखित राहते. चॅटचे स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणं सोपं जातं. नावं-नंबर फेसबुकवर टाकायची घाई करू नका. त्याने मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि बदनामीचा खटला तुमच्यावरच येऊ शकतो.

आडनाव लपवून घर मिळवणं हा उपाय पुष्कळजण करतात आणि त्यांना दोष देता येत नाही. पण करारात आणि पोलिसांच्या माहितीत खरं नाव येतंच. परदेशात शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांनाही शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना त्याच दिवशी जागा सोडावी लागली. लपवलेलं नाव उघड होतं तेव्हा माणूस आणखी असुरक्षित असतो, कारण तेव्हा त्याचं सामान आत असतं. शक्यतो खरं नाव सांगा, ‘कॉस्मो’ इमारती आणि थेट मालकाच्या जाहिराती आधी शोधा, आणि डिपॉझिट देण्याआधी मालकाकडून "सोसायटीला माझं नाव कळवलं आहे, अडचण नाही" असा निरोप लेखी घ्या.

कायदा नक्की कुणाला, किती आधार देतो

इथे खोटी आशा दाखवणं क्रूरपणा होईल, म्हणून सरळ सांगतो. संविधानाचं कलम १५ मुख्यतः सरकारवर बंधन घालतं. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव येतात, खासगी फ्लॅट येत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, उपविधींतच, म्हणजे संस्थेच्या नोंदणीकृत नियमांतच, सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवलेलं असेल तर ते कलम १५ ने रद्द होत नाही, असा निकाल दिला. मात्र हा निकाल अशा नोंदणीकृत उपविधी असलेल्या संस्थेपुरता आहे. तुमच्या सोसायटीच्या कमिटीने व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ठरवलेलं’ म्हणजे उपविधी नव्हे. उपविधी बदलायला सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि निबंधकांकडे नोंदणी, दोन्ही लागतात.

अनुसूचित जातींसाठी मात्र एक जुना आणि विसरला गेलेला कायदा आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा तिथे राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. याहून महत्त्वाचं कलम १२ आहे: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. वकिलांनाही हे कलम अनेकदा आठवून द्यावं लागतं. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळालेला असल्यामुळे धर्मांतराचा मुद्दा आड येत नाही.

अॅट्रॉसिटी कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, दोन ठिकाणी कामाला येतो. जातीवाचक शिवीगाळ किंवा अपमान लोकांसमोर झाला असेल तर, आणि सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकला किंवा त्याची धमकी दिली तर. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचा साक्षीदार नसताना झालेला अपमान ‘लोकांसमोर’ या व्याख्येत बसत नाही. म्हणून फोनवरची शिवी आणि पार्किंगमध्ये चार शेजाऱ्यांसमोर दिलेली शिवी यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. तिथे कोण कोण उभं होतं त्यांची नावं लगेच लिहून घ्या. तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो.

ईशान्येकडच्या भाडेकरूंना पोलीस ठाण्यात एक उत्तर हमखास मिळतं: "तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही." मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये हा प्रश्न निकालात काढला आहे. अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरतं मर्यादित नाही. या निकालाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. दिल्लीत निदो तानियम या अरुणाचलच्या तरुणाचा जानेवारी २०१४ मध्ये मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत वेगळी कलमं सुचवली होती. त्या धर्तीचं वेगळं कलम भारतीय न्याय संहितेतही आलं नाही. अनुसूचित जमातीत नसलेल्या ईशान्य भारतीयाला म्हणूनच आजही सर्वसाधारण कलमांवर विसंबावं लागतं. ही उणीव गंभीर आहे.

तृतीयपंथीयांसाठी २०१९च्या कायद्याचं कलम ३ आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७च्या कायद्याचं कलम ३, या दोन्हींत जागा भाड्याने घेण्यात भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे, आणि ती खासगी व्यक्तीलाही लागू आहे. धर्म, प्रांत, भाषा, आहार किंवा अविवाहित असणं यांवरून भाडेकरूला नकार दिला तर अशी थेट मनाई करणारा कायदा आज नाही. त्या लोकांचा रस्ता सोसायटीच्या नियमांतून जातो.

तक्रार कुठे करायची? गुन्ह्याचा प्रश्न असेल तर पोलीस ठाणं. तिथे घेतली नाही तर लेखी अर्ज पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांकडे, आणि पोच घ्यायला विसरू नका. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अपंग यांना तिथे उत्पन्नाची अट लागत नाही.

फ्लॅटमालकाने काय करावं

सोसायटीचं नाव पुढे करून नकार देणाऱ्या मालकाला बहुतेकदा स्वतःचे हक्क ठाऊक नसतात. महाराष्ट्राच्या सध्याच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवणं आणि त्यासोबत नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं, एवढं पुरतं. आपल्या सोसायटीने कोणत्या उपविधी स्वीकारल्या आहेत ते मात्र आधी तपासा, जुन्या उपविधींत परवानगीची अट असू शकते.

मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१चा आदेश आहे. तुमचं सेवाशुल्क महिना २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त २०० रुपये. ‘बॅचलर आहेत म्हणून दीड हजार’ असं बिल आलं तर पैसे भरू नका, उपनिबंधकांकडे तक्रार करा. ही तक्रार मालकानेच करायची आहे, कारण सदस्य तो आहे. भाडेकरूची तक्रार सोसायटीच्या वादात सहसा टिकत नाही. म्हणून मालकाच्या पाठीशी उभं राहणं आणि त्याला कागद हाताशी देणं, हे भाडेकरूच्याही फायद्याचं.

कमिटीने काय बदलावं

आधी भाडेकरूचा माहिती फॉर्म काढून समोर ठेवा. त्यात मालकाचं नाव, फ्लॅट नंबर, राहणाऱ्यांची नावं आणि संख्या, मोबाइल, कराराचा नोंदणी क्रमांक आणि मुदत, पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच, वाहनाचा नंबर इतकंच असावं. धर्म, जात, मूळ गाव, वैवाहिक स्थिती, शाकाहारी-मांसाहारी हे रकाने खोडा. माहितीच गोळा झाली नाही तर तिच्यावरून निर्णय होत नाही. आधारची प्रत घ्यायचीच असेल तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली घ्या.

दुसरं, भाडेकरूची ‘मुलाखत’ बंद करा. पाचजण खुर्च्या मांडून बसतात आणि समोरच्या मुलीला ‘रात्री किती वाजता येता, कोण कोण भेटायला येतं’ विचारतात. याला कोणत्याही उपविधीचा आधार नाही, आणि त्या मुलीला तो अपमान वर्षानुवर्षं आठवतो.

मग सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. मजकूर असा चालेल:

"संस्थेतील सदनिका भाड्याने देण्याबाबत सदस्याने उपविधीनुसार लेखी माहिती दिल्यानंतर धर्म, जात, वंश, प्रांत, भाषा, लिंग, वैवाहिक स्थिती अथवा आहार या कारणावरून समिती, समितीचा कोणताही पदाधिकारी अथवा सुरक्षारक्षक हरकत घेणार नाही. वर्तनाबाबतची तक्रार केवळ तक्रारवहीत, लेखी व घटनेच्या तपशिलासह स्वीकारली जाईल."

सुरक्षारक्षकाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ब्रोकरला "मुस्लिम असेल तर आणू नका" असा तोंडी आदेश पुष्कळदा गेटवरूनच मिळतो. ठरावाची प्रत गेटवर लावा आणि परिसरातल्या ब्रोकरांना पाठवा.

सभेत हरकती येणार, त्यांची तयारी करून जा. "मटणाचा, माशांचा वास येतो." आदर्श उपविधींत स्वयंपाकघरात काय शिजावं याबद्दल काही नाही. वासाचा उपाय एक्झॉस्ट पंखा, डक्टची दुरुस्ती आणि ओला कचरा बांधून वेळेवर देणं. मणिपुरी घरात आंबवलेले मासे शिजले काय आणि रत्नागिरीच्या घरात सुकट भाजली काय, डक्ट बिघडलेलाच असेल तर वास वर जाणारच. "सणाला जनावर कापतील." जनावर कापण्याबाबत महापालिकेचे नियम आहेत, ते सगळ्यांना लागू आहेत. "बॅचलर धिंगाणा घालतात." रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिप्रदूषणाचे नियम कुटुंबांनाही लागू आहेत. गणपती-नवरात्रीतला स्पीकर आणि मुलांच्या खोलीतला स्पीकर दोन्ही त्यातच मोजा. "फ्लॅटच्या किमती पडतील." असं म्हणणाऱ्याला अशा भाडेकरूंमुळे कमी किमतीत झालेला एक व्यवहार दाखवायला सांगा. मालकाचं नुकसान मात्र लगेच मोजता येतं: २५,००० भाड्याचा फ्लॅट ‘योग्य’ आडनावाच्या शोधात दोन महिने रिकामा राहिला की ५०,००० गेले.

काही सोसायट्या सभेत ठराव करतात आणि नंतर सेक्रेटरी मालकाला खासगीत फोन करून ‘जरा पाहून द्या’ सांगतात. हे थांबवायचं असेल तर भाड्याबद्दलचा सगळा पत्रव्यवहार सोसायटीच्या ईमेलवरूनच करायचा नियम ठेवा, आणि वर्षाच्या सभेत किती माहिती-पत्रं आली, किती फ्लॅट भाड्याने गेले हे दोन आकडे वाचून दाखवा. पत्र देऊनही शेवटी भाडेकरू न आलेल्या मालकांना कमिटीतल्या एकाने कारण विचारावं.

राहायला आल्यानंतर

माणसं शेजारी राहायला आली की पूर्वग्रह आपोआप गळून पडतो, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये चार अटी सांगितल्या होत्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एकच हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो आणि या अटी असतील तर जास्त कमी होतो, असं त्यांना दिसलं.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर ‘सर्वधर्मीय खाद्यमेळावा’ भरवून फार काही हाती लागत नाही. तिथे पाहुणा पाहुणाच राहतो. पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक, लिफ्टच्या दुरुस्तीची कोटेशनं, कचरा वर्गीकरण अशा कामांच्या गटात भाडेकरूंनाही घ्या. टँकर कुणामुळे वेळेवर आला हे सगळ्यांना दिसतं. गणपतीची वर्गणी मागायला जाताना भाडेकरूंची घरंही धरा, पण न देणाऱ्याच्या नावापुढे खूण करू नका. मुलांच्या खेळाच्या वेळा भाडेकरू-मालक वेगळ्या ठेवल्या असतील तर आजच एक करा.

आणि तक्रारी येतील. त्या येणारच, कारण माणसं राहतात तिथे आवाज होतो आणि पाणी गळतं. तक्रारवहीतल्या प्रत्येक नोंदीला चार गोष्टी विचारा: काय झालं, कधी झालं, कोणता नियम मोडला, हाच प्रकार दुसऱ्या फ्लॅटने केला तेव्हा आपण काय केलं होतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीतूनच काढा, आठवणीतून नको. दुसऱ्या मजल्यावरच्या मालकाच्या मुलाच्या वाढदिवसाला साडेअकरापर्यंत गाणी वाजली आणि फक्त तोंडी समज दिली गेली असेल, तर चौथ्या मजल्यावरच्या मिझो मुलींनाही पहिल्या वेळेला तोंडी समजच द्यायची, नोटीस नाही. नोटीस द्यायची वेळ आलीच तर ती मालकाच्या नावाने काढा, नियमाचा क्रमांक लिहा आणि प्रत भाडेकरूला द्या. नोटिशीत ‘अशा लोकांमुळे’ हे शब्द आले असतील तर सही करण्याआधी कागद परत पाठवा.